गियरची सायकल आणि घाट

हल्ली गावोगावची पोरे गियरच्या सायकलीवर लुब्ध आहेत. टायर जाड, मडगार्ड नाही, कॅरियर नाही. दुधाची किटली टांगायची कुठे, असे वडीलधारे विचारतात, आणि ते काही खोटे नाही.

पण तिच्या दात्यांत गंमत आहे. पुढच्या चक्राला 42 दाते आणि मागच्याला 14 असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरते. 26 इंची चाक एका फेऱ्याला सुमारे दोन मीटर जाते. म्हणजे झाले सहा मीटर. साखळी 28 आणि 28 दात्यांवर घेतली, की दोनच मीटर. पण पायाला जोर तिसरा हिस्सा पुरतो. चढ निघतो, पायडल मात्र तिप्पट मारावे लागते. फुकट काही मिळत नाही! गुरुजी, सायकल वर्गात उलटी उभी करा आणि दाते पोरांनाच मोजू द्या.

आता उताराचे बघा. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या सायकलींवरून मातीच्या उताराची शर्यत खेळू लागले. मागच्या ब्रेकमधले वंगण तापून जळे, ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीला नावच पडले ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे. आंबोलीचा घाट उतरताना म्हणूनच ब्रेक सारखा धरून बसू नये. वळणाआधी दोन्ही दाबावेत, मग सोडावेत. पुढचा एकटाच करकचून दाबला, तर स्वार हँडलवरून पुढे जातो. आणि पावसात रिम ओली असली, की ब्रेक उशिरा लागतो.