चित्रापुढे आपण, चित्रामागे ती

चित्रकलेतले नग्न मानवी शरीर हा आजचा विषय. घरातली लहानथोर मंडळी एकत्र रेडिओ ऐकत असताना हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण आपल्या मुलखाला तो परका नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा आपण धोतर नेसलेला पाहतो. भाविक त्याला चपलांचे जोड वाहतात. गोव्यात काणकोण तालुक्यातल्या लोलये गावी बेताळाची पाषाणमूर्ती आहे, ती विवस्त्र. हात मात्र दोन्हीकडे सारख्याच भक्तीने जोडले जातात. उघडे अंग दिसले की मन बिघडलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

अजिंठ्याच्या लेण्यांतही हेच दिसते. पाचव्या शतकातल्या त्या चित्रांत राण्या आहेत, दासी आहेत, अप्सरा आहेत. अंगावर दागिने भरपूर, वस्त्र मात्र इतके तलम की असून नसल्यासारखे. ही चित्रे बौद्ध भिक्षूंच्या विहारांत काढलेली आहेत, हे विशेष.

युरोपात या प्रश्नावर मोठे वाद झाले. रोमच्या सिस्टीन चॅपेलमध्ये मायकेलँजेलोने १५४१ मध्ये ‘अंतिम न्याय’ हे प्रचंड भित्तिचित्र पुरे केले. त्यातली नग्न माणसे धर्माधिकाऱ्यांना खटकली. मायकेलँजेलो वारल्यावर दानिएले दा व्होल्तेरा या चित्रकाराला वस्त्रे रंगवायच्या कामाला लावले. लोकांनी त्या बिचाऱ्याचे नावच ‘चड्ड्या शिवणारा’ असे पाडले!

आता आपल्या वेंगुर्ल्याकडे वळू. सतराव्या शतकात इथल्या बंदरावर डचांची वखार होती. ती गजबजलेली असताना, १६५४ मध्ये, तिकडे हॉलंडात रेम्ब्रांट ‘बाथशेबा’ रंगवत होता. बायबलमधली ही स्त्री नुकतीच न्हालेली आहे, अंगावर वस्त्र नाही, हातात राजाचे पत्र आहे. राजाने बोलावले आहे आणि ती विवाहित आहे. तिच्या चेहऱ्यावरची चिंता पाहिली की शरीराकडे बघणारी नजर आपोआप खाली जाते. या चित्रासाठी रेम्ब्रांटची सहचरी हेंड्रिक्ये बसली असावी, असे मानतात. लग्नाशिवाय त्याच्याबरोबर राहते म्हणून त्याच वर्षी चर्चने तिला बोलावून ठपका ठेवला आणि प्रभुभोजनाच्या विधीला यायची बंदी केली. चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मानाने टांगलेले आहे.

मला आज सांगायचे आहे ते इथेच. नग्नचित्रांवर वाद होतो तेव्हा आपण चित्रकाराबद्दल बोलतो, कायद्याबद्दल बोलतो, संस्कृतीबद्दल बोलतो. समोर जी उभी राहिली, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे उदाहरण घ्या. संस्था १८५७ ची. तिथले विद्यार्थी पूर्वी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून शरीर शिकत. १९१९ च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत मॉडेलवरून नग्न शरीराचा अभ्यास सुरू केला. कारण साधे आहे. पुतळा श्वास घेत नाही, थकत नाही. माणूस एका पायावर भार देतो तेव्हा कंबर कलते, खांदा उलट बाजूला झुकतो, मानेची शीर ताणली जाते. हे ज्याला कळले नाही, त्याला नऊवारीतली बाईदेखील धड काढता येत नाही. लुगड्याच्या आतही शरीरच असते.

या वर्गात पुरुषही मॉडेल म्हणून बसतात, बायकाही. हलायचे नाही, अंग अवघडले तरी बोलायचे नाही. मधे थोडी विश्रांती, की पुन्हा तीच बैठक. हे कष्टाचे काम आहे. पण मोलकरीण घरी सांगू शकते की मी चार घरची भांडी घासून आले. मॉडेल बाईला तसे सांगायची सोय नसते. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा २०१८ मधला चित्रपट याच कोंडीवर आहे.

चित्रकारांनीही सोसले, हे खरे. गोव्यातल्या साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझाची चित्रे मुंबईत अश्लील ठरवली गेली. १९४९ मध्ये तो लंडनला निघून गेला. अकबर पदमसी या तरुण चित्रकाराची ‘प्रेमी’ या विषयावरची चित्रे १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात लागली होती. पोलिसांनी ती उतरवायला सांगितली. त्याने नकार दिला, खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. पुढे याच दोघांच्या काही कलाकृती परदेशातून येताना मुंबईच्या कस्टम्सने अश्लील म्हणून अडवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, हे न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले.

पण न्यायालय चित्र सोडवते. शेजारपाजारच्या कुजबुजीतून त्या बाईला कोण सोडवणार? ते काम आपले आहे.

म्हणून एवढेच करा. एखाद्या कलादालनात असे चित्र समोर आले, तर मान वळवू नका आणि टकमकाही पाहू नका. आधी चेहरा पाहा. मग हात पाहा, पावले पाहा, भार कुठल्या पायावर आहे ते पाहा. हे माणूस किती वेळ असे उभे असेल, याचा अंदाज करा. पाय दुखले असतील का, असा विचार मनात आला की अश्लीलतेचा प्रश्न बराचसा मिटलेला असतो. चित्रात शरीर नव्हे, माणूस दिसू लागतो.