वैद्य बहुश्रुत हवा

(पालकांसमोर दिलेले व्याख्यान)



अकोल्याच्या शिकवणी वर्गांत आणि अमरावतीच्या अभ्यासिकांत दहावीनंतरची दोन वर्षे असंख्य मुले-मुली डॉक्टर होण्याच्या ध्यासाने झटत असतात. ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी १८०. भाषा, इतिहास, समाजशास्त्र यांना एकही गुण नाही. अकरावीला मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येते. त्यामुळे अनेक घरांत मातृभाषेचे पुस्तक दहावीलाच मिटते. स्पर्धेची तीव्रता पाहता पालकांना दोष देता येणार नाही. परंतु या काटकसरीची किंमत अखेरीस रुग्णाला मोजावी लागते.

मेळघाट अमरावती जिल्ह्यातच आहे. तेथील कोरकू ही मुंडा गटातील भाषा. मराठी मुलाला ती सहज उमगत नाही. तान्ह्या बाळाचे पोट फुगले की तापल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा तेथून अद्याप पुरती गेलेली नाही. अशा बाळाच्या आईवर तरुण डॉक्टर केवळ संतापला, तर पुढच्या वेळी ती भूमकाकडेच जाईल. औषध डॉक्टरला ठाऊक असते. त्या माउलीची भीती कोणत्या शब्दांनी दूर करावी, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

याच मेळघाटात बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी रुग्णसेवेबरोबर शेती आणि स्वस्त धान्य वितरण यांतही लक्ष घातले. कुपोषणाचे मूळ समाजस्थितीत असते, हे त्यांनी ओळखले होते. २०१९ मध्ये या दांपत्याला पद्मश्री मिळाली.

वैद्याने एकाच शास्त्रावर न थांबता बहुश्रुत व्हावे, हे सुश्रुतसंहितेने फार पूर्वी सांगितले. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयाने १९८७ पासून साहित्य, इतिहास अशा विषयांच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यास प्रारंभ केला. आपल्याकडेही २०१९ च्या वैद्यकीय अभ्यासक्रमात संवाद, नीतिमूल्ये आणि स्थानिक भाषा यांना स्थान मिळाले. मात्र हे संस्कार प्रवेशानंतर सुरू होतात. मन घडते ते त्याआधी.

पालकांनी आठवड्यातील एक तास तरी मुलांसाठी राखून ठेवावा. त्या तासात चांगली कादंबरी वाचली जावी, आजीच्या आजारपणाची कहाणी तिच्याच शब्दांत ऐकली जावी, वऱ्हाडातील शेतकऱ्याचे दुःख समजून घेतले जावे. त्या एका तासाने गुण घटणार नाहीत. धारणीच्या रुग्णालयात उद्या एखादी माता बाळाला घेऊन पुन्हा येईल, ती या तासाच्या पुण्याईने.