स्वागताध्यक्षांचे भाषण : कृष्णाकाठी तुर्की भाषेच्या अभ्यासकांचे स्वागत



तुर्की भाषेचे अभ्यासक विल्यम अर्स्किन यांच्या जीवनकार्याचा परामर्श घेण्यासाठी भरलेल्या या परिषदेच्या प्रतिनिधींचे स्वागत समिती अंतःकरणपूर्वक स्वागत करीत आहे. महाबळेश्वरी उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड असा प्रवास करीत सांगलीला पोहोचणाऱ्या कृष्णेने हे दोन्ही जिल्हे एका सूत्रात बांधले असल्यामुळे हे स्वागत उभय जिल्ह्यांच्या वतीने होत आहे, आणि 1708 साली जेथे शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी ते होत आहे, याचा सातारकरांना विशेष अभिमान वाटतो.

एडिंबरो येथे 1773 साली जन्मलेले अर्स्किन 1804 साली सर जेम्स मॅकिंटॉश यांच्यासमवेत मुंबईस आले आणि आज एशियाटिक सोसायटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची, म्हणजे तत्कालीन लिटररी सोसायटीची, त्याच वर्षी स्थापना झाल्यावर तिचे चिटणीस झाले. बाबराने आपले आत्मचरित्र चगताई तुर्कीत, म्हणजे मध्य आशियातील तैमूरवंशीयांच्या साहित्यभाषेत, लिहिले होते; अर्स्किन यांनी त्याच्या फार्सी अनुवादावरून इंग्रजी भाषांतर करीत आणले असता, जावा बेटावर 1811 साली अकाली निवर्तलेल्या जॉन लेडन यांचे मूळ तुर्कीवरून केलेले अपुरे भाषांतर त्यांच्या हाती आले. दोहोंचा मेळ घालून होतो न होतो तोच ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या संग्रहातील तुर्की हस्तलिखित मिळाले, तेव्हा झालेले काम पुन्हा आरंभापासून तपासण्याचा कंटाळा त्यांनी केला नाही. हा ग्रंथ 1826 साली प्रसिद्ध झाला आणि त्यावर लेडन यांचे नाव आदराने आधी घातले गेले. विद्वत्तेइतकाच हा प्रामाणिकपणाही वंदनीय आहे.

या विषयाशी साताऱ्याचा संबंध दूरचा असला तरी तो आहेच, कारण ज्या एल्फिन्स्टन यांनी ते हस्तलिखित जपले त्यांच्याच कारकिर्दीत 1818 साली प्रतापसिंह महाराज साताऱ्याच्या गादीवर पुनःस्थापित झाले, आणि त्यांच्या दरबारी नेमलेल्या ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहासही बाबराच्या आत्मचरित्राच्या याच भाषांतराबरोबर 1826 सालीच छापून निघाला.

परंतु या प्रसंगी साताऱ्याने ज्यांचे स्मरण सर्वांत आधी करावयास हवे ते रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस (1870-1926) होत. पारसनीस म्हणजे दरबारातील फार्सी पत्रव्यवहार सांभाळणारा अधिकारी. हे आडनाव लाभलेल्या या पुरुषाने आयुष्यभर कागदच सांभाळले. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र, ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक, इंग्रज अधिकारी किंकेड यांच्यासह लिहिलेला मराठ्यांचा त्रिखंडात्मक इंग्रजी इतिहास, एवढ्यावरच त्यांचे कार्य संपत नाही. मेणवलीचे नाना फडणविसांचे दप्तर त्यांनी मिळवले. दप्तर याचा अर्थ येथे चौकोनी फडक्यांत बांधलेले कागदांचे रुमाल असा घ्यावयाचा, आणि असा एक रुमाल सोडला की बोरूने लिहिलेल्या मोडी ओळींच्या शेजारी शाई पुसट झालेली फार्सी मोहर दिसते. या संग्रहासाठी 1925 साली साताऱ्यात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय उभे राहिले. दुसऱ्याच वर्षी पारसनीस निवर्तले आणि 1939 साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे त्याची निगा उत्तम राखली गेली हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि साताऱ्याचे ते धन साताऱ्यात राहिले नाही, ही खंत या शहराच्या मनातून जात नाही.

सांगलीच्या बाजूने पाहता, याच पारसनीसांनी सांगली संस्थानावर इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेत संस्कृत शिकवीत असतानाच संस्थानिक पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड सिद्ध केले. 

व्यवस्थेत अनेक उणिवा राहिल्या आहेत. प्रतिनिधींची निवासव्यवस्था एके ठिकाणी होऊ न शकल्याने ती मंगल कार्यालय, शाळेचे वर्ग आणि काही घरे यांत विभागावी लागली, सकाळच्या गरम पाण्याचा पुरवठा सर्वत्र पुरेसा झाला नाही आणि ध्वनिक्षेपकानेही काल त्रास दिला. याबद्दल समिती सर्वांची मनःपूर्वक क्षमा मागते. सांगलीच्या हळद व गूळ व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणग्या, भोजनासाठी धान्य पाठवणारे वाई-कऱ्हाडकडील शेतकरी, रोज कंदी पेढे पुरवणारे सातारचे मिठाईवाले, पाहुण्यांसाठी घरे मोकळी करणारी कुटुंबे, पंगतीत वाढणाऱ्या भगिनी आणि पहाटेच्या गाडीसाठी स्थानकावर थांबणारे विद्यार्थी यांच्यावाचून हे कार्य पार पडले नसते. ज्यांची नावे छापील यादीतून राहून गेली त्यांचे ऋण अधिकच मोठे आहे.

शेवटी सातारा आणि सांगलीच्या नागरिकांना समितीची विनंती आहे की, ज्यांच्या माळ्यावर वा जुन्या पेटीत जुन्या कागदांचे असे रुमाल पडून असतील त्यांनी ते रद्दीत न घालता परिषदेच्या तिन्ही दिवशी सभामंडपाच्या डाव्या बाजूस बसलेल्या मोडी व फार्सी वाचकांना आणून दाखवावेत. कागद वाचून, त्याची नोंद करून, तो त्याच दिवशी मालकाच्या स्वाधीन केला जाईल.