ती बोलत का नाही?

मैत्रिणींनो, आमच्या सल्ला केंद्रात नवरा-बायको समोर बसले की तो म्हणतो, "ही काही बोलतच नाही." खरंच बोलत नाही. पण बोलली की काय होतं, हे कुणी विचारतं का? "तुला काय कळतंय?" रोज ऐकणारी बाई वाक्य अर्धवट सोडायला शिकते. घरखर्चाचे पैसेसुद्धा मग पोराकरवी मागते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने अपमान, हेटाळणी, मुलगा नाही म्हणून टोचून बोलणं, हीसुद्धा हिंसाच मानली. आपण मात्र "मारलं का?" एवढंच विचारून फॉर्म भरतो. परवा मीही एकीला तसंच विचारलं. "नाही," म्हणाली आणि उठली. तिला पुन्हा बसवलं, चहा मागवला. चहा निवला, तेव्हा कुठे बोलायला लागली.