चिंगीचा खोकला

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सोसायटीच्या जुन्या आठवणी’ असं छापलंय. पण माझ्या आधीच्या तिघांनी पाण्याचे टँकर, २००५ च्या २६ जुलैची रात्र आणि मागच्या बाजूची मिठागरं, सगळं सांगून टाकलं. २००० साली आपली नोंदणी झाली तेव्हा इथे महानगरपालिकाही नव्हती, नगरपरिषद होती, महानगरपालिका २००२ साली आली, हे वाक्य मी पाठ करून आलो होतो. तेही कालच एकाने म्हटलं. मग माझ्याकडे उरलं काय? एक कुत्री. तिच्याबद्दल बोलतो.

चिंगीला तुम्ही सगळे ओळखता. ओळखत नसाल तर तिचा आवाज तरी ओळखता. रात्री दोन वाजता कुणीतरी जुन्या रिक्षाचा भोंगा दाबल्यासारखा आवाज बी विंगच्या चौथ्या मजल्यावरून येतो ना, तीच.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. आपल्याच दोन घरांतली माणसं त्या महिन्यात गेली, त्यामुळे तेव्हाची हवा कशी होती ते मी सांगायला नको. एका सकाळी वॉचमनचा फोन आला, “सेक्रेटरीसाहेब, मीटर रूममध्ये कुत्रा खोकतोय.” खाली गेलो. पांढरी, म्हणजे कधीकाळी पांढरी असलेली, छोटीशी पॉमेरियन. गळ्यात नायलॉनची दोरी, ती कातडीत रुतलेली. कुणी सोडून दिली, आपल्यातल्या की बाहेरच्या, ते आजवर कळलं नाही आणि आता मला ते शोधायचंही नाही. जिन्यात पाच-सहा जण तोंडाला मास्क लावून लांब उभे. कुणी म्हणालं, हिला कोरोना झालाय. कुणी म्हणालं, टीबी. “गाडी बोलवा आणि न्यायला सांगा,” असा एकमताने ठराव झाला. जिन्यातले ठराव नेहमी एकमताने होतात.

आता माझी गंमत अशी, की २०१६ मध्ये ‘पाळीव कुत्र्यांना लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई आहे’ ही लाल अक्षरातली नोटीस लावणारा सेक्रेटरी मीच. मला कुत्र्यांची आवड वगैरे अजिबात नव्हती. पण त्या दिवसांत खोकणाऱ्या जिवाला लांबूनच ‘घेऊन जा’ म्हणणं मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की मला ते पुन्हा ऐकवेना. जुन्या टॉवेलात गुंडाळून तिला वर नेली. जिन्याने. नोटीस माझीच होती ना! आमच्या हिला सांगितलं, दोनच दिवस. ती म्हणाली, “दोन दिवस म्हणून तुमची आत्या आली होती.”

जवळच्या डॉक्टरांनी दोरी कापली, जखम धुतली, खोकल्याला औषध दिलं. कुत्र्यांमध्ये साथीचा खोकला असतो, तसा असेल म्हणाले. जखम भरली, खोकला राहिला. पाणी प्यायली की खोकला, दाराची बेल वाजली की खोकला, आनंद झाला की सगळ्यात जास्त खोकला. शेवटी तिला परळला घेऊन गेलो.

परळ म्हणजे आमचं माहेरच. मी लालबागच्या चाळीत वाढलो आणि सदतीस वर्षं मध्य रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर होतो. इकडे राहायला आल्यावर रोज एल्फिन्स्टनला उतरायचं आणि पूल ओलांडून जायचं. तिथल्या ‘बैलघोडा हॉस्पिटल’चं नाव लहानपणापासून ऐकत आलेलो. त्याचं खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. सर दिनशा पेटिटांनी आपल्या पत्नीचं नाव दिलेलं, एकोणिसाव्या शतकातलं. शेजारी १८८६ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय. गिरणगावात ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल होते त्या काळापासून तिथे जनावरं बरी होतायत, आणि मी त्या बाजूने हजारो वेळा गेलो असेन, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

एक्स-रे काढला. एकदा श्वास आत घेताना, एकदा सोडताना. का, तर या आजारात एका वेळी नळी चांगली दिसते आणि दुसऱ्या वेळी चपटी. तरुण डॉक्टर होत्या, त्यांनी फार छान समजावलं. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या, एका बाजूने उघड्या. पॉमेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ अशा छोट्या जातींमध्ये या कड्या कधीकधी नरम पडतात. मग श्वास ओढला की मानेतली नळी आत बसते, आणि सोडताना छातीतली. नळी चपटी झाली की तिच्या भिंती एकमेकींना घासतात, त्यातून खोकला, खोकल्याने सूज, सुजेने आणखी खोकला.

मी म्हटलं, “डॉक्टर, हा तर आमचा होज पाइप!” त्यांना काही कळेना. जुन्या डब्यांना व्हॅक्यूम ब्रेक असायचे. दोन डब्यांमधल्या रबरी पाइपात तारेचा आधार असतो, कारण आतली हवा खेचली की नुसतं रबर चपटं होणार. तार सैल पडली की पाइप आत बसतो. आम्ही असा पाइप काढून फेकायचो आणि नवा लावायचो. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, “बरोबर. फक्त इथे नवा पाइप मिळत नाही.”

या आजाराच्या चार पायऱ्या धरतात. पहिलीत नळी साधारण पाव बंद होते, चौथीत जवळजवळ पूर्ण. चिंगी तिसरीत. आत जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया असते, पण तिचेही आपले धोके आहेत. पुष्कळ कुत्र्यांचं औषधांवर आणि नीट सांभाळण्यावर वर्षानुवर्षं निभावतं, असं त्यांनी सांगितलं. आजार जात नाही, त्याच्याबरोबर राहायचं.

राहायचं म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण आपल्याकडे आता चार घरांत छोटी कुत्री आहेत. ‘हम आपके हैं कौन’ १९९४ ला आला आणि टफीमुळे घरोघरी पांढरी कुत्री आली. आपण पॉमेरियन म्हणतो, पण त्यांतली बहुतेक इंडियन स्पिट्झ. मग २००३ मध्ये मोबाईलच्या जाहिरातीत पग आला, लोकांनी पग आणले. पगचं नाकच इतकं बसकं की त्याचा श्वासाचा त्रास वेगळा. जाहिरातीत घोरण्याचा आवाज येत नाही.

पहिली गोष्ट, गळ्यातला पट्टा काढायचा आणि छातीचा घ्यायचा. गळपट्ट्याचा एक हिसका म्हणजे त्या नळीवर पाय दिल्यासारखं. दुसरी, वजन. चिंगी आमच्याकडे येऊन महिनाभरात सहा किलोच्या वर गेली, कारण बी विंगमधलं प्रत्येक घर तिला ग्लुकोज बिस्किट देत होतं. ज्यांनी गाडी बोलवा म्हटलं होतं, तेच! गळ्याभोवती, छातीत चरबी वाढली की श्वास आणखी अडतो. मी घरोघर फिरून बिस्किटबंदी केली. आता तिला उकडलेल्या दुधीची नाहीतर गाजराची फोड. वजन पावणेपाच किलोवर आणायला आठ महिने लागले आणि तेवढ्याने खोकला निम्मा झाला. औषधाने नव्हे, दुधीने.

तिसरी, उकाडा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करतं, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत धापांचा उपयोग कमी होतो. म्हणून मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी साडेसहाच्या आत फिरवून आणायचं. मुलांनो, लक्षात ठेवा, दुपारी बॉल टाकून तिला पळवायचं नाही.

औषधं तीन. श्वासनळ्या मोकळ्या करणारं रोज, खोकला दाबणारं लागेल तसं, आणि सूज वाढली तर थोडे दिवस स्टेरॉईड. सगळी डॉक्टरांनी मोजून दिलेली. प्रेमाने सल्ले देणारे पुष्कळ भेटले. घरातलं माणसांचं तापाचं औषध द्या, छातीला बाम चोळा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही कुत्र्यांना विषासारखी ठरू शकतात. बामात कापूर असतो आणि कुत्रं अंग चाटतं. करू नका.

आणि धूर. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल, फोडणीचा ठसका, सिगारेट. माझी सिगारेट चाळीस वर्षांची होती. डॉक्टर, बायको, मुलगी यांच्या सांगण्याने सुटली नाही ती या भोंग्याने सुटली. आमची ही अजून चिंगीला म्हणते, “मला जमलं नाही ते तू केलंस गं बाई.” देवासमोर आता फक्त निरांजन.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो.

सप्टेंबर २०२१. डेंग्यूचे दिवस. मी सेक्रेटरी म्हणून एका फवारणीवाल्याला आवारात धूर मारायला सांगितलं होतं. सही माझी, वेळ माझी, संध्याकाळी सहा. मी विसरलो. मी वर आणि आमची ही चिंगीला घेऊन खाली, बाकावर. मशीन सुरू झालं, डिझेलच्या वासाचा पांढरा लोट कंपाउंडभर पसरला, आणि मी खिडकीतून पाहतोय, त्या धुरात ही कुठे दिसेना. धावत खाली गेलो. चिंगीची मान पुढे ताणलेली, कोपरं बाहेर काढून उभी, आवाजच येत नव्हता. भोंगा बंद झाला की समजायचं खरं संकट. जीभ जांभळी.

अशा वेळी तोंडात पाणी ओतायचं नसतं, मिठी मारायची नसते. मोकळ्या थंड हवेत न्यायचं, आपण शांत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. मी यातलं काहीच नीट केलं नाही, ओरडलो फक्त. त्या वेळी ए विंगच्या तळमजल्यावरची खिडकी उघडली आणि आपले आजोबा, गेल्या वर्षी गेले ते, हाताने खुणावत होते. बोलता येत नव्हतं त्यांना. त्यांना स्वतःला दमा. खिडक्या लावून, फटीत ओले टॉवेल कोंबून, तोंडाला नेब्युलायझर लावून बसले होते. आजींनी दार उघडलं, चिंगीला आत घेतलं, एसी सुरू केला. आजोबांनी आपल्या तोंडावरचा मास्क काढून तिच्या नाकासमोर धरला. आजींनी आतलं औषध काढून नुसतं सलाईन घातलं, तेवढं भान त्यांना होतं. दहा मिनिटांनी रिक्षा आली. दवाखान्यात दोन तास ऑक्सिजनवर ठेवलं. वाचली.

रात्री मी आजोबांकडे गेलो. म्हटलं, तुमचा मास्क खराब झाला, नवा आणून देतो. ते म्हणाले, “मास्क राहू दे. सात वर्षं दर पावसाळ्यात तू हा धूर मारतोस. कधी, ते आदल्या दिवशी सांगत जा म्हणजे झालं. मी भाचीकडे जाऊन बसेन.”

सात वर्षं! मी त्यांना रोज नमस्कार करायचो.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन दारोदार फिरलो, श्वासाचा त्रास कुणाकुणाला आहे विचारत. अकरा घरं निघाली. दोन मुलं, बाकी म्हातारी माणसं, एक बाळंतीण. कुणीच कधी तक्रार केली नव्हती. तेव्हापासून फवारणीची सूचना बोर्डावर दोन दिवस आधी लागते आणि त्या अकरा दारांची बेल वाजवली जाते. दिवाळीत फटाके पार्किंगमध्ये न फोडता मागच्या गेटजवळ फोडायचे, हे मुलांनी स्वतः ठरवलं. त्याचं श्रेय मी घेणार नाही, चिंगीलाही देणार नाही, मुलांचंच आहे.

लिफ्टचं राहिलं. चौथा मजला, माझे गुडघे आणि पावणेपाच किलो. २०२२ च्या वार्षिक सभेत मी उभा राहून म्हटलं, आजारी कुत्रीला लिफ्टमधून नेऊ द्या. आपल्या बेननी शांतपणे माझीच नोटीस वाचून दाखवली, सहीसकट. काय हशा पिकला! मग मी वाचून आलो होतो ते सांगितलं. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलंय की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. म्हणजे माझी नोटीस जन्मतःच चुकीची. ती मीच खाली उतरवली. आणखी एक सापडलं. आपण ज्या सहकारी कायद्यावर चालतो तो १९६० चा, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदाही १९६० चाच. जनावराला उपाशी मरायला सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड किती, माहीत आहे? दहा ते पन्नास रुपये. आपल्या बिनपरवाना पार्किंगचा दंड त्याहून जास्त आहे.

आजोबा गेल्यावर महिन्याभराने आजी आमच्याकडे आल्या. पिशवीत नेब्युलायझर, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला. म्हणाल्या, “कपाटात ठेवून काय करू? तिला लागेल.” चिंगी त्यांच्या पायाशी जाऊन बसली आणि खोकली. आजी म्हणाल्या, अगदी तसाच आवाज.

डॉक्टरांच्या अंदाजाने चिंगी आता अकरा-बारा वर्षांची असेल. गेल्या पावसाळ्यापासून झोपेतही खोकते. बी विंगमधल्या कुणीही आजवर माझ्याकडे झोपमोडीची तक्रार केलेली नाही, त्याबद्दल आज सगळ्यांसमोर हात जोडतो. ढोलताशा आहे म्हणून तिला खाली आणलं नाही, वर पंख्याखाली आहे, आजी बसल्यात तिच्याजवळ. साडेआठचा डोस आहे आणि आता आठ पंचवीस झालेत. आभारप्रदर्शन माझ्या ऐवजी अध्यक्षसाहेब करतील. मी लिफ्टने जातो.