घरपट्टीचे बिल आणि त्यावरील नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील एक भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा दोघीतिघींनी मला विचारले की, घरपट्टीवर कसले आले आहे भाषण? बिल येते, घरातील पुरुषमंडळी ते भरतात, झाले! प्रश्न अगदीच वावगा नाही. दुधाचा, वाण्याचा, विजेचा हिशेब आपल्या हातात असतो. ज्या घरात हे सारे चालते त्या घराचा हिशेब मात्र कपाटाच्या वरच्या कप्प्यातील पिशवीत असतो आणि ती पिशवी बहुधा कोणीतरी गेल्यानंतरच खाली निघते. त्या पिशवीतील एकाच कागदाविषयी मी आज बोलणार आहे.

बिल हातात आले की आपली नजर आधी शेवटच्या रकमेवर जाते. पण त्याहून महत्त्वाचा आहे तो मिळकत क्रमांक. आपल्या पुण्यात त्याचे तीन भाग असतात: विभाग, पेठ आणि खाते क्रमांक. हे आकडे ठाऊक असले म्हणजे बिल हरवले तरी फारसे बिघडत नाही. महापालिकेच्या संकेतस्थळावर ते घातले की मागणी किती, थकबाकी किती, हे समोर येते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी आकडे चिठ्ठीवर लिहून क्षेत्रीय कार्यालयात जावे. तेथील माणसालाही हेच आकडे लागतात. “आमचे घर गणपतीच्या देवळामागे” एवढ्या पत्त्यावर दप्तर सापडत नाही. गॅसचा क्रमांक आपण दिनदर्शिकेच्या मागे लिहितो, त्याच्याच शेजारी हाही लिहावा.

मग येते वार्षिक करपात्र रक्कम. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला काय येईल याचा अंदाज धरून आणि त्यातून देखभालीची वजावट करून ती काढलेली असते. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर अशी जी लांबलचक माळ खाली दिसते ती बहुतेक याच रकमेवर ओवलेली आहे. त्यात शिक्षण कर नावाची एक रक्कम असते ती राज्य सरकारची. १९६२ च्या कायद्याने ती बसली आणि महापालिका ती गोळा करून पुढे पोचवते.

करपात्र रक्कम एकाएकी वाढलेली दिसली तर मुकाट्याने भरून टाकू नका. क्षेत्रफळ बरोबर लिहिले आहे का? निवासी घराची नोंद बिगरनिवासी म्हणून तर झाली नाही ना? आणि विशेषतः, घरात आपण स्वतः राहत असताना ‘भाडेकरू’ असा शेरा तर पडला नाही? हे मी मुद्दाम विचारते. पुण्यात स्वतः राहत असलेल्या निवासी घराला करपात्र रकमेत ४० टक्के सवलत १९७० पासून आहे. मधली काही वर्षे ती बंद पडली होती आणि २०२३ साली राज्य सरकारने ती पुन्हा दिली. त्यावेळी ज्यांची सवलत निघून गेली होती त्यांना पीटी-३ नावाचा अर्ज, २५ रुपये शुल्क आणि आपण तेथेच राहतो याचा पुरावा द्यावा लागला. पुष्कळ घरांतून तो अर्ज गेलाच नाही, कारण ‘यांनी’ भरला असेल असे तिला वाटले आणि ‘हिने’ दिला असेल असे त्यांना वाटले. पुढे दर वर्षी मोठे बिल येत राहिले. कोणताही अर्ज दिला की पोच घ्यावी आणि तीवर आवक क्रमांक व तारीख आहे ना ते तेथेच पाहावे. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आपल्या राज्यात आहे. कोणत्या कामाला किती दिवस लागावेत याचा फलक कार्यालयात असतो. पोच हातात असली तर त्या फलकाकडे बोट दाखवता येते.

भरण्याविषयी थोडेच सांगते. वर्षाची सारी रक्कम मेअखेर भरली तर सर्वसाधारण करात सूट मिळत आली आहे. करपात्र रक्कम २५,००० रुपयांपर्यंत असेल तर १० टक्के, त्याहून अधिक असेल तर ५ टक्के. एखाद्या वर्षी मुदत वाढवतात, पण तीवर विसंबू नये. उशीर झाला तर दरमहा २ टक्के शास्ती लागते. म्हणजे १०,००० रुपये थकले तर महिन्याला २०० आणि वर्षाला २,४०० रुपये! आपल्या कोणत्या भिशीत शेकडा चोवीस मिळतात ते मला सांगा. दंड माफ करणारी योजना निघेल म्हणून वाट पाहणारेही आहेत. अशा योजना निघतात हे खरे, परंतु तेवढ्यावर घर चालवावे असे मला वाटत नाही. चेक दिलात तर त्याच्या पाठीमागे मिळकत क्रमांक लिहा. “आजच कर भरा, नाहीतर पाणी तोडू” असा भ्रमणध्वनीवर निरोप आला तर त्यातील दुव्याला हात लावू नका. आपण होऊन महापालिकेच्या संकेतस्थळावर जावे किंवा केंद्रावर भरावे. काही यंत्रांतून निघालेल्या पावतीची शाई दोन उन्हाळ्यांत उडून जाते, म्हणून तिची लगेच झेरॉक्स करून ठेवावी.

आता त्या बिलावरील नावाकडे येते. खरे तर याचसाठी मी विषय घेतला.

आपापल्या घरचे बिल डोळ्यांपुढे आणा. किती जणींच्या बिलावर सासऱ्यांचे नाव आहे, आणि सासऱ्यांना जाऊन किती वर्षे झाली? कायदा असा आहे की, ज्याच्या नावावर आकारणी आहे तो वारला तर वारसाने एक वर्षाच्या आत महापालिकेला कळवावे. घर विकले किंवा घेतले तर तीन महिन्यांच्या आत. न कळवता घर विकणाऱ्याच्या मागे कराची जबाबदारी तशीच राहते, हे विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, मृत्युपत्र असल्यास त्याची प्रत आणि कर भरल्याची पावती, इतके कागद घेऊन गेले की कामाला सुरुवात होते. इतर वारस असतील तर त्यांची संमतीही बहुधा मागतात.

या संमतीच्या ठिकाणीच आपल्या बायका फसतात. आमच्या ओळखीच्या एका बाईंची हकीकत सांगते. यजमान गेल्यावर तीन महिन्यांनी दीर कागद घेऊन आले. “वहिनी, घरपट्टीवर नावे लावायची आहेत, उद्या जरा कचेरीत येऊन सही करा.” वहिनी तयार होत्या. इतकी वर्षे दिरांनी सांगावे आणि यांनी करावे अशीच रीत होती. रात्री मुलीने तो कागद मोठ्याने वाचला. मथळाच होता ‘हक्कसोडपत्र’. सकाळी वहिनींनी सही केली नाही. पुढे घरात महिनाभर अबोला होता, तोही त्यांनी सोसला.

यातून एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घरपट्टीच्या दप्तरी नाव लावण्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा आणि छायाचित्र द्यावे लागत नाही. तेथे तुम्हांला नेत असतील तर गोष्ट हिश्श्याची आहे असे समजा, आणि आधी तो कागद घरी आणून जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. हक्क सोडूच नये असे मी म्हणत नाही. भावासाठी, मुलासाठी कोणी आनंदाने सोडते. पण ते ठाऊक असून सोडावे.

येथे एक गैरसमजही दूर करते. घरपट्टीवर नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. न्यायालयांनी हे वारंवार सांगितले आहे. ते दप्तर कर कोणाकडून घ्यावा याचे आहे. मालकी पाहावयाची ती खरेदीखत, दुय्यम निबंधकाकडील इंडेक्स टू, नगर भूमापनाची मिळकत पत्रिका यांवरून. म्हणून एकट्या दिराचे नाव बिलावर लागले तरी तुमचा हिस्सा बुडाला असे घाबरून जाऊ नका. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर १९५६ च्या वारसा कायद्याने त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचे हिस्से सारखे असतात. (इतर धर्मांच्या भगिनींना नियम वेगळे आहेत, त्यांनी ते स्वतंत्रपणे विचारून घ्यावेत.) उलट, बिलावर आपले नाव आले म्हणून घर आपले झाले असेही मानू नका.

मग नावासाठी इतका खटाटोप कशाला? नोटीस त्या नावावर येते. आकारणी वाढली तर हरकत त्या नावाने घ्यावी लागते, तीही नोटिशीत दिलेल्या मुदतीत. वाडा पाडून नवी इमारत करण्याची बोलणी सुरू झाली की पहिल्यांदा मागतात ते हेच बिल. ज्या बाईचे नाव कोणत्याच कागदावर नाही, तिला त्या बैठकीत चहा करायला बोलावतात!

ज्यांची घरे गावी आहेत त्यांनी ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा मागावा. कर आकारणीचे ते रजिस्टर. आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणत आलो आणि आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे ते असते. घराची नोंद पती आणि पत्नी अशी दोघांच्याही नावे करावी, असा शासनाचा निर्णय २००३ साली झालेला आहे. तरी पुष्कळ गावांत उताऱ्यावर एकच नाव सापडते, कारण मागायला कोणी गेलेलेच नसते. २०१७ आणि २०२१ साली जी गावे पुणे महापालिकेत आली तेथील भगिनींनी जुन्या पंचायतीच्या पावत्या आणि नमुना ८ रद्दीत घालू नयेत. घर केव्हापासून उभे आहे हे दाखवायला पुष्कळदा तेवढाच कागद असतो.

येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत मी बसणार आहे. येताना शेवटचे बिल आणि असतील तेवढ्या पावत्या आणा. बिल सापडत नसेल तर शेजारणीचे आणा, निदान विभाग आणि पेठ यांचे आकडे कळतील. चष्माही आणावा, कारण कागद ज्याचा त्याने वाचावयाचा आहे. मी फक्त शेजारी बसेन.