रिकामी खुर्ची आणि न मोडायचा संकेत

२४ एप्रिल १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांच्या पीठाने केशवानंद भारती खटल्यात, ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने, असा निर्णय दिला की संसदेला राज्यघटनेत दुरुस्ती करता येते, पण तिची मूलभूत संरचना, म्हणजे जिच्यावाचून घटनेची ओळखच उरत नाही अशी तत्त्वे, संसदेला मोडता येत नाही. लगेच सरन्यायाधीश सिक्री निवृत्त झाले, आणि सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाने त्या पदावर यावे हा संकेत बाजूला सारून सरकारने बहुमतातील शेलत, हेगडे व ग्रोव्हर यांना डावलून अल्पमतातील ए. एन. रे यांची नेमणूक केली. अनुच्छेद १२४ मध्ये ज्येष्ठतेची अट लिहिलेली नाही, ही फट त्यासाठी पुरेशी ठरली. तिघांनीही राजीनामे दिले.

त्याहून क्लेशदायक प्रसंग जानेवारी १९७७ मधला: आणीबाणीतही बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते, असे पाच जणांच्या पीठात एकट्याने लिहिणारे एच. आर. खन्ना डावलले गेले. पुढे १९७८ मध्ये, आणीबाणीतील त्याच खटल्यात बहुमताच्या बाजूने असलेल्या य. वि. चंद्रचूड यांनाही वगळावे, अशी मागणी मुंबईतील काही विधिज्ञांनी केली, तेव्हा जनता सरकारने मात्र ज्येष्ठतेचा संकेत पाळला.